वेगाने वाढणारा, तरीही बरा होणारा : बर्किट लिम्फोमा

बँकेच्या कामकाजाशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना 'कर्ज' हा एकच शब्द किती निरनिराळ्या व्यवहारांना कवेत घेतो, हे सांगावयास नको. पीककर्ज, गृहकर्ज, शैक्षणिक कर्ज, सोनेतारण कर्ज ही सारी कर्जेच. परंतु प्रत्येकाची मुदत निराळी, तारण निराळे, जोखीम निराळी आणि परतफेडीची रीतही निराळी. गृहकर्जाचे नियम पीककर्जाला लावले तर शेतकरी अडचणीत येईल आणि बँकही. 'कर्करोग' या शब्दाचेही असेच आहे. हा शब्द कानी पडताच आपण धास्तावतो आणि पुढचे काही ऐकण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. वास्तविक खरा महत्त्वाचा प्रश्न त्यापुढचाच असतो : कर्करोग आहे, पण कोणता?

या प्रश्नाचे उत्तर किती निर्णायक ठरते, हे 'बर्किट लिम्फोमा' या दुर्मिळ आजाराच्या कथेवरून उत्तम प्रकारे समजते. मानवाला होणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या कर्करोगांत याची गणना होते. अवघ्या एक-दोन दिवसांत त्याच्या पेशींची संख्या दुप्पट होऊ शकते. आणि तरीही, वेळीच ओळखला आणि उपचार पूर्ण केले, तर पूर्णपणे बऱ्या होणाऱ्या कर्करोगांतही त्याचे स्थान वरचे आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात. ती एकाच वेळी खरी कशी, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न.

लिम्फोमा म्हणजे काय?

आपल्या शरीरात रक्ताभिसरणाच्या जोडीने लसीका नावाच्या द्रवाचेही एक अभिसरण चालू असते. या मार्गावर ठिकठिकाणी, विशेषतः मान, काख, जांघ, छाती आणि पोट या भागांत, वाटाण्याच्या किंवा घेवड्याच्या दाण्यासारख्या लहान लसीकाग्रंथी असतात. घसा दुखू लागला की मानेत गाठ हाताला लागते, ती हीच. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, म्हणजेच लिम्फोसाइटची, ही जणू ठाणी होत. या लिम्फोसाइट पेशींचे 'बी' आणि 'टी' असे दोन प्रमुख गट आहेत. यांतील एखादी पेशी नियंत्रण झुगारून अमर्याद वाढू लागली, की त्या विकाराला लिम्फोमा म्हणतात.

इंग्लंडमधील वैद्य थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लसीकाग्रंथींच्या अशा एका विकाराचे वर्णन केले. पुढे त्यांच्याच नावाने 'हॉजकिन लिम्फोमा' ही संज्ञा रूढ झाली आणि उरलेल्या साऱ्या प्रकारांना 'नॉन-हॉजकिन' असे नाव पडले. या दुसऱ्या गटात आज साठांहून अधिक उपप्रकार मोजले जातात. त्यांतील काही इतके संथ असतात, की डॉक्टर वर्षानुवर्षे केवळ लक्ष ठेवतात, औषध देत नाहीत. काहींना मात्र आठवडाभराचा विलंबही सोसत नाही. बर्किट लिम्फोमा हा 'बी' पेशींपासून उद्भवणारा, दुसऱ्या टोकाचा प्रकार आहे. प्रौढांच्या नॉन-हॉजकिन लिम्फोमांत त्याचे प्रमाण शेकडा एक-दोन इतकेच भरते. मुलांमध्ये मात्र ते बरेच अधिक आहे.

कंपाला येथील एक शल्यचिकित्सक

डेनिस पार्सन्स बर्किट यांचा जन्म १९११ साली आयर्लंडमधील एनिस्किलन येथे झाला. वयाच्या अकराव्या वर्षी अपघातात त्यांचा एक डोळा गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात अभियांत्रिकीसाठी गेलेला हा तरुण वैद्यकाकडे वळला आणि पुढे शल्यचिकित्सक झाला. १९४६ मध्ये ते ब्रिटिश वसाहतीच्या वैद्यकीय सेवेत युगांडाला गेले आणि काही काळाने राजधानी कंपाला येथील मुलागो रुग्णालयात रुजू झाले.

१९५७ साली त्यांचे सहकारी डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना एक पाच वर्षांचा मुलगा दाखविला. त्याचा चेहरा विद्रूप झाला होता. वरच्या आणि खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे चारही ठिकाणी, सूज होती. संसर्ग म्हणावा तर तो एकाच वेळी चार ठिकाणी कसा? कर्करोग म्हणावा तर तोही सहसा असा पसरत नाही. या कोड्याचे उत्तर बर्किट यांच्यापाशी नव्हते. काही आठवड्यांनी जिंजा या गावच्या रुग्णालयास भेट दिली असता, खिडकीतून बाहेर पाहताना त्यांना आणखी एक मूल दिसले. सूज तशीच, चेहराही तसाच. या मुलाच्या पोटातही गाठी निघाल्या.

एक घटना हा योगायोग असू शकतो. दोन घटना घडल्या की नोंदवह्या उघडाव्या लागतात. बर्किट यांनी नेमके तेच केले. मुलागो रुग्णालयाच्या जुन्या नोंदी त्यांनी चाळल्या. जबड्याचे अर्बुद, पोटातील अर्बुद, मूत्रपिंडाचे अर्बुद अशा वेगवेगळ्या मथळ्यांखाली नोंदलेल्या मुलांमध्ये एक समान सूत्र असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. निरनिराळ्या खात्यांत विखुरलेला हा एकच आजार होता. १९५८ मध्ये त्यांनी यावरील पहिला निबंध ब्रिटनमधील शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हा आजार म्हणजे लिम्फोमाचाच एक प्रकार होय, हे त्यानंतर विकृतिशास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीतून सिद्ध केले.

दहा हजार मैलांचा प्रवास

पुढचा प्रश्न होता : हा आजार कोठे होतो आणि कोठे होत नाही? यासाठी ना मोठी प्रयोगशाळा हाताशी होती, ना मोठे अनुदान. बर्किट यांनी रुग्णांच्या छायाचित्रांसह पत्रके छापली आणि आफ्रिकेतील शासकीय व मिशनरी रुग्णालयांना पाठविली. 'असा रुग्ण आपण पाहिला आहे काय?' एवढाच प्रश्न. उत्तरे येत गेली, तसतशा भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या वाढत गेल्या. आफ्रिका खंडाच्या मध्यभागी एक आडवा पट्टा स्पष्ट दिसू लागला.

या पट्ट्याची दक्षिणेकडील सीमा प्रत्यक्ष पाहण्यासाठी १९६१ च्या अखेरीस बर्किट दोन डॉक्टर मित्रांसह, टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन यांच्यासह, २५० पौंडांना घेतलेल्या एका जुन्या फोर्ड स्टेशन वॅगनमधून निघाले. दहा आठवडे, सुमारे दहा हजार मैल आणि पन्नासांहून अधिक रुग्णालये असा तो प्रवास झाला. परतल्यावर नोंदी जुळविता असे दिसले, की विषुववृत्ताजवळ सुमारे पाच हजार फुटांहून उंच प्रदेशात हा आजार आढळत नाही. थंड आणि अत्यल्प पावसाच्या भागांतही तो दिसत नाही. उष्णता, पाऊस आणि सखल प्रदेश या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे डास असतात, आणि डास असतात तेथे हिवताप असतो. आजाराचा नकाशा आणि हिवतापाचा नकाशा जवळजवळ एकमेकांवर बसत होते.

धुक्यात अडकलेले विमान

२२ मार्च १९६१ रोजी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात बर्किट यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन नावाचे तरुण विकृतिशास्त्रज्ञ होते. कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो काय, या विषयाचा ते अभ्यास करीत होते. आजाराचा भूगोल पाहून त्यांना वाटले, येथे विषाणू असलाच पाहिजे. त्यांनी कंपालाहून अर्बुदाचे नमुने विमानाने मागविण्याची व्यवस्था केली. पुढील दोन वर्षे हाती काहीच लागले नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये दाट धुक्यामुळे नमुना आणणारे विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरविण्यात आले. नमुना उशिरा पोचला आणि द्रव गढूळ दिसत होता. जंतुसंसर्ग झाला असे समजून तो फेकून दिला जाण्याची शक्यता होती. एपस्टाइन यांनी मात्र तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात सुट्या झालेल्या जिवंत पेशी तरंगताना आढळल्या. त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांनी त्या पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून एपस्टाइन यांना त्यांत विषाणू दिसला. बर्ट अचाँग यांच्यासह तिघांचा निबंध मार्च १९६४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. 'एपस्टाइन-बार विषाणू' या नावाने ओळखला जाणारा हा विषाणू माणसात कर्करोगाशी निगडित असल्याचे आढळलेला पहिला विषाणू ठरला.

येथे वाचकांचा एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगणे अगत्याचे आहे. हा विषाणू जगातील शेकडा नव्वदांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. लाळेवाटे तो बालपणी वा तारुण्यात शिरतो आणि बहुतेकांना जन्मभर काहीही त्रास देत नाही. बर्किट लिम्फोमा हा स्वतः संसर्गजन्य रोग नाही. रुग्णाजवळ बसल्याने, त्याला जेवू घातल्याने किंवा त्याच्या सहवासात राहिल्याने तो कोणालाही होत नाही. आफ्रिकेत हिवतापाच्या वारंवार येणाऱ्या आघातांनी 'बी' पेशी सतत उत्तेजित होतात आणि विषाणूवरील शरीराचा ताबा सैल पडतो. या दोहोंच्या संगतीने तेथील मुलांत धोका वाढतो, असे आज मानले जाते. आफ्रिकेबाहेर, भारतातही, हा आजार तुरळक प्रमाणात आढळतो. तेथे तो जबड्यापेक्षा बहुधा पोटात सुरू होतो आणि विषाणूचा संबंध सर्व रुग्णांत आढळत नाही. एचआयव्हीबाधित व्यक्तींमध्ये दिसणारा हा त्याचा तिसरा प्रकार होय.

चुकीच्या खात्यातील नोंद

मग सर्व प्रकारांत समान असे काय आहे? ते पेशीच्या गाभ्यात आहे. १९७६ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले, की या पेशींत बहुधा आठव्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटून चौदाव्या गुणसूत्राला जोडला गेलेला असतो. १९८२ च्या सुमारास कळले, की त्या तुकड्यावर 'मिक' नावाचे जनुक असते. पेशीला वाढीची आज्ञा देणे हे त्याचे काम. चौदाव्या गुणसूत्राचा तो भाग 'बी' पेशींमध्ये प्रतिपिंडे निर्माण करण्यासाठी सतत कार्यरत असतो. बँकेच्या भाषेत सांगावयाचे, तर एका खात्याची नोंद चुकून अशा खात्यात पडली, जेथे रात्रंदिवस उलाढाल चालू असते. परिणामी वाढीची आज्ञा थांबतच नाही. तपासणीत जवळजवळ प्रत्येक पेशी विभाजनाच्या अवस्थेत सापडते.

आणि याच वेगात आजाराचे मर्मस्थानही आहे. केमोथेरपीची अनेक औषधे विभाजन पावणाऱ्या पेशींवरच प्रहार करतात. संथ लिम्फोमातील सुप्त पेशी औषधाच्या तडाख्यातून निसटतात आणि वर्षांनी पुन्हा डोके वर काढतात. बर्किटच्या पेशींना लपावयास जागाच उरत नाही. कंपाला येथे किरणोपचाराची सोय नसल्याने बर्किट यांनी साठच्या दशकारंभी मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड यांसारखी औषधे वापरून पाहिली. काही मुलांच्या चेहऱ्यावरील गाठी थोड्याच दिवसांत ओसरल्या आणि त्यांतील काही मुले कायमची बरी झाली. १९६७ मध्ये कंपाला येथे या आजारासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र उभे राहिले. आजची युगांडा कर्करोग संस्था त्याच रोपट्याचा वृक्ष आहे. औषधोपचारातील या कार्यासाठी १९७२ साली बर्किट आणि अन्य संशोधकांना लास्कर पुरस्कार देण्यात आला. १९९३ मध्ये बर्किट यांचे निधन झाले.

आजचे उपचार

आज या आजारावर एकाच वेळी अनेक औषधांची, कमी मुदतीची पण तीव्र केमोथेरपी दिली जाते. ती बहुधा काही महिन्यांत पूर्ण होते. आजार मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात पसरू नये म्हणून पाठीच्या कण्यातूनही औषध द्यावे लागते. 'बी' पेशींना नेमके हेरणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाने यात मोलाची भर घातली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात प्रगत अवस्थेतील, प्रामुख्याने बर्किट लिम्फोमा झालेल्या मुलांना केमोथेरपीसह हे औषध दिले गेले. तीन वर्षांनंतर, आजार न उलटता वा अन्य गंभीर घटना न घडता राहिलेल्या मुलांचे प्रमाण शेकडा सुमारे ९४ होते. केवळ केमोथेरपी घेतलेल्यांत ते सुमारे ८२ होते. आजार उलटावयाचा असल्यास बहुधा पहिल्या वर्षातच उलटतो. म्हणून त्यानंतरचा प्रत्येक निर्वेध महिना आशा दृढ करणारा असतो. प्रौढांतही योग्य उपचारांनी बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

उपचारांच्या पहिल्या दिवसांत मात्र विशेष दक्षता लागते. पेशी इतक्या झपाट्याने मरतात, की त्यांतून बाहेर पडणारे पोटॅशियम, फॉस्फेट व युरिक आम्ल यांचा भार मूत्रपिंडांना पेलत नाही. यासाठी शिरेवाटे भरपूर द्रव आणि विशिष्ट औषधे देऊन रक्ताच्या चाचण्या वारंवार कराव्या लागतात. पुढे पांढऱ्या पेशी घटल्याने साधा तापही धोक्याचा ठरतो. म्हणूनच हे उपचार अनुभवी केंद्रातच व्हावेत, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.

आपण काय लक्षात ठेवावे?

मुलाच्या जबड्यावर वाढत जाणारी सूज आणि हलू लागलेले दात, वेगाने फुगणारे किंवा सतत दुखणारे पोट, आठवड्या-दोन आठवड्यांत लक्षणीय वाढलेली गाठ, विनाकारण ताप, रात्री दरदरून घाम आणि वजनातील घट ही लक्षणे दिसल्यास दिरंगाई करू नये. मानेतील बहुसंख्य गाठी साध्या संसर्गाच्या असतात, हे खरे. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु आपल्या देशात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने गाठ दिसताच ती क्षयाचीच, असे गृहीत धरले जाण्याचा संभव असतो. संथ आजारात असा काही आठवड्यांचा विलंब कदाचित खपून जाईल. बर्किट लिम्फोमात तो परवडणारा नाही. म्हणून डॉक्टरांना नम्रतेने पण स्पष्टपणे विचारावे : "या गाठीची बायॉप्सी करावयास हवी काय?" बायॉप्सीने कर्करोग पसरतो, हा समज निराधार आहे. उलट तपासणीपूर्वीच स्टेरॉइड दिले गेले, तर गाठ तात्पुरती ओसरून निदान झाकोळू शकते.

निदान हाती आल्यावर 'लिम्फोमा' एवढ्या शब्दावर समाधान मानू नये. नेमका उपप्रकार कोणता, तो कोणत्या अवस्थेत आहे आणि उपचारांचा संपूर्ण आराखडा व कालावधी किती, हे लिहून घ्यावे. सर्व अहवाल, बायॉप्सीचे ठोकळे व काचपट्ट्या यांची पोच सांभाळून ठेवावी. रुग्णालय बदलावे लागल्यास तेच खरे भांडवल ठरते.

आता पैशाचा प्रश्न. अनेक कुटुंबे पहिल्या दोन-तीन आवर्तनांनंतर उपचार सोडतात. गाठ दिसेनाशी झालेली असते, मूल खेळू लागलेले असते आणि हातातील पैसा संपलेला असतो. अर्धवट सोडलेला उपचार हा या आजारातील मोठा धोका आहे. म्हणून खर्चाची चौकशी शेवटी नव्हे, तर पहिल्याच दिवशी करावी. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. त्यांना भेटण्यात कमीपणा मानू नये. २०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. राज्यांच्या योजना आणि प्रधानमंत्री राष्ट्रीय सहायता निधीचे मार्गही उपलब्ध आहेत. परगावाहून येणाऱ्या मुलांच्या निवासासाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या संस्था २००६ पासून विनामूल्य सोय करीत आहेत. आणि ज्यांच्या घरी आज सारे निरोगी आहेत, त्यांनी आरोग्यविमा आजच घ्यावा व प्रस्तावपत्रात सर्व माहिती खरी द्यावी. आजारपण सुरू झाल्यावर काढलेले छत्र त्याच पावसात क्वचितच उपयोगी पडते.

अंतर औषधाचे नव्हे, पोचण्याचे

संपन्न देशांत या आजाराची दहापैकी नऊ मुले बरी होतात. जेथे हा आजार प्रथम ओळखला गेला, त्या आफ्रिकेच्या अनेक भागांत मात्र निम्मी मुलेही वाचत नाहीत. पेशी तीच, जनुक तेच. फरक आहे तो निदानाला लागणाऱ्या वेळेचा, रुग्णालयापर्यंतच्या अंतराचा आणि उपचार पूर्ण होण्याचा. ही दरी बुजविण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगांबाबतचा उपक्रम सुरू केला. २०३० पर्यंत जगभरातील किमान ६० टक्के कर्करोगग्रस्त मुले वाचावीत, हे त्याचे उद्दिष्ट आहे. यासाठी प्रथम निवडलेल्या सहा आजारांत बर्किट लिम्फोमाचा समावेश आहे. हिवतापावरील 'आर-२१' ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झाली असून तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली. हिवताप हटला तर त्याच्या सावलीतील हा कर्करोगही ओसरेल काय, याचे उत्तर येणारी वर्षे देतील.

बर्किट यांच्यापाशी एक डोळा, एक जुनी मोटार, काही पत्रके आणि नोंदी ठेवण्याची चिकाटी होती. त्यांनी वेगवेगळ्या मथळ्यांखाली विखुरलेल्या मुलांना एका नावाखाली आणले, आणि ते नाव मिळाल्यामुळेच उपचारांचा मार्ग मोकळा झाला. आपल्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी वा कार्यालयात कधी 'लिम्फोमा' हा शब्द उच्चारला गेला, तर धीर न सोडता दुसरा प्रश्न अवश्य विचारावा : कोणता? आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर एक दिवसही वाया घालवू नये.